कुदळीचा मान

तुयेच्या औद्योगिक वसाहतीमागच्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये सकाळचा चहा उकळत होता. गडी चिऱ्यांच्या ढिगावर बसून चहात पाव बुडवून खात होते. भूमिपूजनाचा दिवस म्हणून मंडप घातलेला, बाकी सगळं रोजच्यासारखं. गंगाबाई गाडीतून उतरल्या आणि मागून उतरणाऱ्या सुनेला म्हणाल्या, "सेजल, तू शेडमधीच थांब हां. पूजा होयसर फुडे येव नको."

"बरं, आई," सेजल म्हणाली आणि गेली.

बघा, दुसऱ्या कोणाला तोंड उघडावंच लागलं नाही. ना भटजींना, ना गंगाबाईंच्या दिराला. सेजलचा नवरा साईश, गंगाबाईंचा एकुलता एक मुलगा, अपघातात जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. विधवेने शुभकार्यात पुढे यायचं नाही, हे सांगायचं काम सासूनेच उरकलं. तेही घरातला गॅस बंद केला का, हे विचारावं इतक्या सहज. मुलगा गेल्यापासून त्यांचं असंच चाललं होतं. जेवत होत्या, साइटवर जात होत्या, माणसांशी बोलत होत्या. आत मात्र काही हलत नव्हतं. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता.

याच बाई कधीकाळी नवऱ्यामागून दोडामार्गापलीकडच्या एका वाडीतून गोव्यात आल्या, तेव्हा डिचोलीतल्या भाड्याच्या खोलीला धड कडीसुद्धा नव्हती. नवरा जयराम खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या तसा तो चिरे वाहू लागला, आणि गड्यांचं जेवण रांधता रांधता गंगाबाई बांधकाम शिकल्या. आधी कुंपणाच्या भिंती, मग घरं, मग पर्वरीला पहिली इमारत. ती अर्धी असतानाच जयराम वारला. "भायल्यांची बायल, ती काय करतली?" असं म्हणत त्यांना परकी ठरवणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून बाईंनी ती पुरी केली आणि पणजी शहरातही नाव कमावलं. पण साईशचं लग्न होईपर्यंत दरवेळी पूजेच्या पाटावर बसले ते त्यांचे दीर सुदेश आणि जाऊ शालिनी. मालकीण आपली मागे, खुर्चीत. रीत म्हणजे रीत. गंगाबाईंनी कधी ब्र काढला नाही.

तुयेची ही घरं कारखान्यात राबणाऱ्यांसाठी बांधायची, ही कल्पना सेजलची. मये गावची मुलगी, शिकून इंजिनीयर झालेली. नकाशा तिचा, आणि काल उन्हात वाकून जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारल्या त्याही तिनेच. आज त्या रेषेच्या आत तिला पाऊल ठेवायची बंदी होती.

"यजमान कोण बसतले?" भटजींनी विचारलं.

"माझो प्रशांत आणि सून कोमल," सुदेश म्हणाले. मग गंगाबाईंजवळ वाकून हळूच बोलले, "वहिनी, ह्या सगळा आता प्रशांताकच बघूचा लागतला. लोकांका आजच कळांदे."

म्हणजे पाटापाठोपाठ कामही सेजलच्या हातून जाणार होतं. गंगाबाईंना ते कळलं. कळूनही त्यांनी नुसती मान हलवली.

पूजा होत आली, कुदळ मारायची तेवढी राहिली. प्रशांतने कुदळ उचलली आणि इकडेतिकडे बघत उभा राहिला. मंडपात लोकांच्या पायांनी रेषा पुसट झाल्या होत्या.

"खंय मारू?"

"ता सेजलबायक ठाऊक," जुना गवंडी बाबली म्हणाला.

सुदेशनी शेडकडे वळून हाक दिली, "गे, थंयसूनच सांग."

सेजल शेडच्या तोंडाशी आली. "लाल खुंटीच्या उजवीकडे," तिने सांगितलं. प्रशांत भलत्याच खुंटीकडे गेला. "तिथे नको, खाली पाण्याची लाइन आहे. मागे या. अजून मागे." दोघेतिघे हसले. सेजल हात लांब करून दाखवत होती, मान उंचावत होती, पण पत्र्याच्या सावलीबाहेर तिचं पाऊल पडत नव्हतं.

गंगाबाई त्या पावलाकडे बघत राहिल्या. चार पावलं चालून आली असती तर काम झालं असतं. ही पोर येत का नाही? आपण सांगितलं म्हणून. त्यांच्या छातीत कळ आली. किती महिन्यांनी काहीतरी दुखलं होतं.

त्या उठल्या आणि शेडशी गेल्या. "भायर ये, सेजल. पाटावर आपण दोघी बसया."

"नाका, आई. उद्या हंय कोण पडलो तर सगळे माझ्यावरच ढकलतले."

"वहिनी, गाव बघता," सुदेश मागून म्हणाले.

"बघांदे. भावजी, पणजेक तुम्ही जोडप्यान बसलास. तरी थंय गवंडी माळ्यावरसून पडलोच. मागच्या पूजेक माझो साईश नि सेजल बसलेली. जोडप्यान, सगळा शास्त्राप्रमाणे." गंगाबाईंचा आवाज फाटला. "पूजेक बसान माणूस वाचता, तर माझो झील खंय आसा, सांगा माका."

पहिली उठली ती कोमल. "काकी, बसा," म्हणून तिने पाट मोकळा केला. प्रशांतने वडिलांकडे पाहिलं आणि कुदळ खाली ठेवली. शालिनी पदर सावरून गाडीकडे निघाली, तिच्या मागून आणखी काही बायका गेल्या. भटजींनी पोथी मिटली नाही.

गंगाबाई सेजलचा हात धरून तिला मंडपात घेऊन आल्या. तबकातलं कुंकू त्यांनी कुदळीला लावलं आणि तेच बोट सुनेच्या कपाळाकडे नेलं. सेजलने त्यांचं मनगट अडवलं.

"पुसताना तुम्ही माका विचारलास नाय, आई. लावताना तरी विचारा."

ती हळू बोलली, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. इतक्या वर्षांत गंगाबाईंना इतकं उघडं कोणी बोललं नव्हतं, आणि खोटंही त्यात काही नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"लावू?" त्यांनी विचारलं.

सेजलने कुदळ उचलली, पुसट रेषा ओलांडली आणि नेमक्या जागी घाव घातला. मग दुसरा. गंगाबाई कुंकवाचं बोट तसंच धरून माळावर उभ्या राहिल्या. उत्तर मिळेपर्यंत थांबायची त्यांची तयारी होती.