हसऱ्या फोटोतली मूठ

मी एक फुंकणी बोलतेय. चुलीची नव्हे हो, ट्रंपेटची. ट्रंपेटच्या टोकाला बसवून जिला ओठ लावतात, ती पितळी वाटी म्हणजे मी.

माझी मालकीण व्हर्लीन टिब्स. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीच्या क्लबांत पहाटेपर्यंत वाजवायची. ट्रंपेट घरी ठेवलं तरी मला पर्समध्ये घेऊनच हिंडायची. ट्रंपेटवाल्यांची ही सवयच.

एकदा एका मासिकाने साऱ्या जॅझवाल्यांना एकत्र फोटोसाठी सकाळी दहाला बोलावलं. आमच्या लोकांची ती मध्यरात्र. तरी झाडून सगळे आले. वाद्यं आणायची नव्हती. फोटोसाठी ठरलेल्या घराच्या पायऱ्यांवर उभं राहायचं सोडून जो तो गळाभेटी आणि गप्पांत दंग. फोटोग्राफर रडकुंडीला आला आणि त्याने मोजायला सुरुवात केली, "एक, दोन, तीन..."

वाजवणाऱ्यांसमोर असं मोजू नये. कोणी मोजलं की सुरू करायचं, एवढंच त्यांना ठाऊक. सगळ्यांचे पाय ताल धरू लागले आणि व्हर्लीनने मला ओठांना लावून फुंकलं. ट्रंपेटशिवाय माझा आवाज म्हणजे चिडलेलं बदक. सारे खो खो हसले आणि तेवढ्यात फोटो निघाला.

तो फोटो जगभर गाजला. पण व्हर्लीनचा चेहरा मला धरलेल्या मुठीआड गेला होता. खालच्या नावांत तिच्या जागी छापलं, 'अनोळखी'. ते वाचून ती फार रडली. बास नावाचं थोरलं तंतुवाद्य वाजवणारा रॉस्को मात्र गावभर सांगत सुटला, की सगळे त्याच्याच विनोदाला हसले.

खूप वर्षांनी एका बाईने त्या फोटोवर माहितीपट काढायला घेतला. उरलेसुरले म्हातारे तिच्याकडे जमले.

"तू होतीस तिथे?" रॉस्को म्हणाला. "स्वप्नात आली असशील, व्हर्लीन."

व्हर्लीन त्याच्याशी वाद घालत बसली नाही. कॅमेऱ्यामागच्या बाईला म्हणाली, "तुम्ही जरा मोजा बघू."

"एक, दोन, तीन..."

म्हाताऱ्यांचे पाय आपोआप हलू लागले. व्हर्लीनने मला ओठांना लावलं आणि मी ओरडले. रॉस्को खो खो हसत सुटला. मान मागे, तोंड उघडं, डोळे मिटलेले, थेट फोटोतल्यासारखे. मग तो डोळे पुसत म्हणाला, "अगं, ती तूच होतीस. इतकी वर्षं मी तुझ्या बदकावर भाव खाल्ला."

माहितीपटात त्याची दोन्ही हसणी शेजारी शेजारी दाखवली आणि पडदाभर व्हर्लीनचं नाव आलं. सारं थिएटर उभं राहिलं.

आता माझा मुलामा उडालाय, व्हर्लीनचे ओठही थकलेत. तो फोटो कुठे दिसला, तर हसऱ्या चेहऱ्यांमधली ती एक मूठ शोधा. आत मी आहे. आणि मूठ कोणाची, ते आता खाली छापलेलं आहे.