विंगेतली तिवई

मी एक जुनी तिवई आहे, मित्रांनो. तीन पाय आणि एक गोल बैठक, एवढाच माझा संसार. एका नाटकात लाकडी जहाज होतं. नाटक बंद पडलं, जहाज मोडलं आणि थिएटरच्या सुतारकाकांनी त्याच्या फळीतून मला घडवलं. माझ्या पोटाखाली अजून निळा रंग आहे. समुद्र मी पाहिला नाही, पण त्याचा एक तुकडा अंगावर बाळगून आहे.

मला विंगेत ठेवलं, म्हणजे रंगमंचाच्या बाजूला, पडद्याआड. माझ्यावर बसायची ती प्रॉम्प्टर. नट वाक्य विसरला की हळूच सांगणारी. तिला सगळे चिमणी म्हणत. पन्नाशीची बाई, पण आवाज कसा? फांदीवरचं पान हलावं आणि फांदीला कळू नये, तसा.

चिमणीची थोरली बहीण नटी होती. तिला सगळे ताई म्हणत. बऱ्याच वर्षांनी ताईला मोठं काम मिळालं होतं, घर सोडून गेलेल्या मुलाची वाट बघणाऱ्या आईचं. शेवटी ती दारापाशी उभी राहून म्हणे,

दार लोटलं लोटलं, कडी नाही घातली,
वाट बघता बघता दिव्यात वात जागली.

दोनच ओळी! पण ताई तिथेच अडायची. "दार लोटलं लोटलं..." म्हणायची आणि मान विंगेकडे वळवायची. वळते न वळते तोच चिमणी पुढचे शब्द पुरवायची. बहिणीवर माया फार. तिची जीभ अडखळलेली हिला बघवायची नाही.

ताई आळशी नव्हती बरं का. चहाचा कप एका हातात, नाटकाची प्रत दुसऱ्या हातात. वाचायची, पुन्हा वाचायची, मान डोलवायची. "हे काय, येतंय की मला!" म्हणायची. मित्रांनो, लाकडाला अक्कल किती, पण मला एक दिसत होतं. कागद समोर असला की डोळ्यांना ओळख पटते, आणि त्या ओळखीलाच ती पाठांतर समजते. कागद मिटला की ओळख कुठच्या कुठे!

एके दिवशी तालीम संपल्यावर दिग्दर्शक माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एवढा हळू असूनही चिमणीताईंचा आवाज पहिल्या रांगेत ऐकू येतोय. रंगीत तालमीपर्यंत जमलं नाही, तर आईचं काम मला दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल."

ताई प्रत उचलून निघून गेली. ती गेल्यावर चिमणी मात्र कितीतरी वेळ माझ्यावर बसून राहिली.

आणि नेमका तेव्हाच चिमणीचा घसा बसला. डॉक्टरांनी बजावलं, आवाज परत येईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. मुलाचं काम करणारा नट हसून म्हणाला, "चिमणीचा कावळा झाला की काय?" चिमणीने त्याला नुसते डोळे वटारून दाखवले.

त्या दिवशीची तालीम म्हणजे गंमतच होती. ताई अडली. सवयीने विंगेकडे बघितलं. चिमणीने गळ्याकडे बोट दाखवलं.

"अगं, सांग की!"

चिमणी गप्प.

"मुद्दाम करतेस तू!"

नट म्हणाला, "आई, तोवर मी चहा पिऊन येऊ का? तसाही घर सोडून गेलेलाच आहे मी."

सगळे हसले. ताई रागावली, लाल झाली, मग डोळे मिटून शोधू लागली. शोधून शोधून बाहेर काढलं ते भलतंच वाक्य! तेव्हा चिमणी उठली आणि प्रतीतल्या खऱ्या ओळीवर तिने बोट ठेवलं. आधी नाही, नंतर. ताईने ती ओळ अशी वाचली, जशी हरवलेली किल्ली सापडावी.

दुसऱ्या दिवशी तीच ओळ आली. धडपडत, गुडघे फोडून घेत, पण आली. मग थिएटर दुसऱ्यांना दिलं म्हणून तालमी थोडे दिवस थांबल्या. ताई धास्तावली, आता सगळं पुसलं जाणार! परत आली तेव्हा शब्दांवर गंज चढला होता खरा. पण घासून काढल्यावर ते आधीपेक्षा लखलखीत निघाले. मग चिमणीने घरीही तोच खेळ मांडला, हे ताईच सगळ्यांना सांगायची. कपडे वाळत घालताना ती नुसत्या भुवया उंचावायची, आणि ताई प्रत न बघता म्हणायला लागायची. चुकली तरच बोट ठेवायचं.

रंगीत तालीम निभावली. काम ताईकडेच राहिलं. आता राहिला होता पहिला प्रयोग.

तोवर चिमणीचा आवाज परत आला होता. नाट्यगृह भरलेलं. ताई दारापाशी आली.

"दार लोटलं लोटलं..."

आणि थांबली.

माणसं श्वास धरून बसली. समोरच्या विंगेतून दिग्दर्शक हातवारे करत होते, सांगा, सांगा! चिमणी पुढे झुकली. माझा एक पाय कुरकुरला. शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण तिची नजर ताईच्या डोळ्यांवर होती. हरवलेली ताई विंगेकडे बघते, हे तिला ठाऊक होतं. आज ताई दाराकडे बघत होती.

चिमणीने ओठ मिटले. माझी कड तिने अशी धरली की तिच्या बोटांचा घाम मला लागला.

"...कडी नाही घातली."

ओळ आली. पाठोपाठ दुसरीही आली. ती शांतता नाटकातलीच, असं लोकांना वाटलं. कुणी रुमाल काढले.

पडदा पडल्यावर ताई धावत आली. "मेले, एवढा वेळ गप्प बसलीस? जीव गेला असता की माझा!"

"तू माझ्याकडे बघितलंच नाहीस, ताई. मागितलं नाहीस, ते कसं देऊ?"

ताईने तिला जवळ ओढलं, आणि दोघी माझ्यावर बसायला गेल्या. मी डगमगले, पण सांभाळलं.

पुढे वर्षं सरली. दोघी बहिणी थकल्या, येईनाशा झाल्या. मी सामानाच्या खोलीत गेले. आता माझ्यावर रंगाचे डबे असतात आणि एक पाय खिळखिळा झाला आहे.

मित्रांनो, कधी त्या खोलीत आलात तर माझा तेवढा पाय ठोकून द्या. आणि तुमच्याजवळचं कुणी काही आठवताना अडलं, धाकटा भाऊ म्हणा, आजोबा म्हणा, किंवा तुम्ही स्वतःच, तर लगेच पुरवू नका, लगेच कागद उघडू नका. त्याचे डोळे कुठे आहेत ते बघा. तो दाराकडे बघत असेल, तर जरा थांबा.

दार नुसतं लोटलेलं असतं. कडी नसते घातलेली.