शेवटच्या विमानातली खुर्ची

त्या संध्याकाळी बाबा घरी आले ते थेट स्वयंपाकघरात, बूटही न काढता. लेक कांदा चिरत होती. खुर्ची ओढून, गुडघे दाबत ते बसले आणि म्हणाले, "चला, शेवटचा दरवाजा बसवून झाला. आता कारखाना माझ्या हातून सुटला."

"असं काय बोलता? नवं विमान येतंय ना?"

"येतंय. त्याचे दरवाजे यंत्र बसवणार. मी नुसतं बघायचं, यंत्र दमलं का ते."

विमानांच्या कारखान्यात बाबांची सगळी हयात दरवाजे बसवण्यात गेली, तीही एकाच जातीच्या विमानाचे. तिथे त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे 'दारवाले' म्हणत. ते चार इंजिनांचं थोरलं विमान प्रवाशांचं भारी लाडकं. आत आवाज नाही, पाय पसरायला ऐसपैस जागा. त्यात बसायला मिळावं म्हणून लोक प्रवासाची तारीख पुढे ढकलत. आणि आता तेच बंद होणार होतं.

"लोकांना एवढं आवडतं, तर बंद का करतात?" लेकीने विचारलं.

"अगं, लोक कुठे विमान विकत घेतात? घेतात विमान कंपन्या. त्यांच्या लेखी चार इंजिनं म्हणजे खाणारी चार तोंडं. आता दोनच इंजिनं तेवढाच समुद्र ओलांडतात. शिवाय एवढं धूड रोज भरायचं कोणी? निम्म्या खुर्च्या रिकाम्या गेल्या की मालकाच्या पोटात गोळा. मागणी आटली, मग सुटे भाग करणारेही काढता पाय घेतात. दोन-चार विमानांसाठी अख्खा कारखाना कोण जागता ठेवणार? मीही खूप चिडलो होतो. पण राग काढावा असा माणूसच सापडेना."

कारखान्यात एक रीत होती. विमान गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी एक फेरी मारून आणत आणि त्या फेरीत दरवाजा बसवणाऱ्याने आपल्याच दरवाजाशेजारी बसायचं. काम चोख केलंय ना, मग बस तिथे, एवढाच त्याचा अर्थ. शेजारची खुर्ची घरच्या माणसासाठी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे बाबांच्या शेजारची खुर्ची दर वेळी रिकामीच उडायची. लेकीकडे कारणांना तोटा नव्हता. परीक्षा आहे, कान दुखतोय, ग्रंथालयात सुट्टी देत नाहीत.

खरं कारण एकच होतं. तिला विमानाची भीती वाटे. घरावरून विमान गेलं तरी वाचता वाचता तिची ओळ हरवे. आणि डोळे मिटले की दिसे तो उघडा दरवाजा, त्यातून आत घुसणारं आभाळ. दरवाजे बसवणाऱ्या बापाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? बाबा, तुमच्या हातावर माझा भरवसा नाही, असंच झालं असतं ते.

"या वेळी येतेस ना?" बाबा म्हणाले. "शेवटचं आहे. यानंतर बोलावणार नाही, सुटलीस."

"बघते. सुट्टीचं विचारते उद्या."

"एक दिवस तू नसलीस तर लोक काही अडाणी राहणार नाहीत."

ती हसली. मग बाबांनी बूट काढले आणि दोघं जेवायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालायला ते दारात वाकले आणि तसेच कलंडले. ती धावत आली तोवर सगळं आटोपलं होतं.

पुढे काही आठवड्यांनी फोरमनकाका आले. बाबांचे जुने जोडीदार. चहाचा कप हातात फिरवत बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "शेवटच्या फेरीत दारवाल्यांची खुर्ची आहे, बेटा. मी बसलो असतो, पण दरवाजा त्यांच्या हातचा. तू येशील? नसेल जमत तर रिकामी नेऊ. जबरदस्ती नाही."

ग्रंथालयाचं कारण ओठांपर्यंत आलं. पण ती कारणं बाबांसाठी होती. ते निमूट ऐकून घ्यायचे. काकांना द्यायला तिच्याकडे एकही निघेना.

"येते," ती म्हणाली.

विमानात गोंदाचा वास होता, खुर्च्यांवर अजून प्लास्टिक. माणसं मोजकीच, ती लांब पुढे बसलेली. तिची खुर्ची दरवाजाला लागून. तिने पट्टा ओढला, पुन्हा ओढला, श्वास अडेपर्यंत ओढला.

"सैल कर जरा," शेजारी बसत काका म्हणाले. "तुला विमानाशी बांधायचंय, विमानाला तुझ्याशी नाही."

तिला हसू आलं नाही. इंजिनं सुरू झाली आणि पायांखालून एक थरथर वर चढत तिच्या दातांपर्यंत आली. दरवाजाकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण नजर तिथून हलेना. कडेची ती बारीक फट आत्ता रुंदावली का? नाही. आत्ता? उठून ओरडावं, थांबवा म्हणावं, असं वाटलं, पण अंग दगडासारखं झालेलं. विमान धावू लागलं. खिडकीतलं गवत पुसट झालं. एक हिसका बसला आणि खालची जमीन निघून गेली.

"बाबा," ती म्हणाली. काकांनी वळून पाहिलं. ती त्यांच्याशी बोलत नव्हती.

"बाबा, मला विमानाची भीती वाटते." आवाज इंजिनांत बुडाला, म्हणून तिने तो चढवला. "लहानपणापासून वाटते. तुमच्या दरवाजाचीसुद्धा."