परक्या फोनवर आमचे कांदे

*खरेदीबद्दल धन्यवाद. कांदे १ किलो, अंडी ६, कालचा ब्रेड (निम्म्या किमतीत). ६२ पॉइंट जमा.*

हा मेसेज आमच्यासाठी होता. आम्हाला आला नाही. कांदे मात्र आम्हीच खाल्ले.

असे आठ महिने.

—

आधी हात. म्हणजे माझा डावा हात.

मी बाइंडिंगच्या कारखान्यात आहे. छापून आलेल्या मोठ्या कागदांना घड्या घालायच्या, घड्या एकावर एक रचून शिवायच्या, दोरा खेचायचा, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. एकोणीस वर्षं झाली. सुई धरतो तो उजवा हात, पण पुस्तक घट्ट होतं ते डाव्याच्या जोरावर. त्या डाव्याच्या मनगटात कळ यायला लागली. डॉक्टरीणबाईंनी अंगठा वाकवला, एका जागी दाबलं, मी ओरडले, तशा त्या खूश होऊन म्हणाल्या, "सापडलं."

मग म्हणाल्या, "शिवा, चिकटवा, चालेल. पिळायचं मात्र नाही. कपडे नाही, फडकं नाही, काही म्हणजे काही नाही. पिळत राहिलात तर तीन महिने पट्टा. आणि काम बंद."

आमच्या मालकीणबाई मनानं चांगल्या आहेत. पण रजिस्टरांचा हंगाम तोंडावर आला होता. "तू बरी हो गं आधी," त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता माझ्या जागेवर कोण बसेल ते डोळ्यांनी शोधू लागल्या.

—

पिळायचं काम ह्यांनी अंगावर घेतलं. हे लिफ्ट दुरुस्त करतात. पहिल्या दिवशी दोन शर्टांची मिळून पाच बटणं गेली.

"अहो, लिफ्टचा दोर नाहीये तो!"

"मग नीट सांग ना, किती जोर लावायचा ते."

पण दिवसभर लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून आलेला माणूस, बादलीपुढे बसल्या बसल्या पेंगायचा. उरलेले कपडे मी गुपचूप पिळायचे. कळ कोपरापर्यंत जायची. मी बोलायचे नाही.

म्हणून कपडे धुवायचं मशीन हवं होतं. हप्त्यावर नको. व्याज भरून चादरी धुणारी माणसं नव्हे आम्ही. पॉइंटवर.

—

इथे आमच्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं खरं वाटायचं नाही.

आमच्याकडचे पेले चहापत्तीबरोबर आले. टॉवेल रंगाच्या डब्याबरोबर. शाम्पूच्या चपट्या पुड्या मासिकांच्या पानांवर चिकटवलेल्या असतात, त्या मी नखानं अलगद सोडवते. हिशेबाच्या, निरोपाच्या, फोनच्या सगळ्या वह्या कारखान्यातल्या कागदी कात्रणांच्या, लांबट आणि अरुंद. भाजी संध्याकाळी उशिरा, बाजार उठताना. त्या वेळी टोमॅटोवाला स्वतःच म्हणतो, "न्या हो ताई, परत उचलून कुठे नेऊ?" आणि आम्ही उपकार केल्यासारखं नेतो. यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. उलट मजा येते. शिकार केल्यासारखी.

माझी नणंद आम्हाला फुकटमंडळ म्हणते.

"वहिनी, तुमच्या घरात विकत आणलेलं काही आहे का हो?"

"तुझी वहिनी," हे म्हणाले. "लग्नाला खर्च आला होता."

"तोही निम्मा माझ्या वडिलांनी केला," मी म्हटलं.

—

तर अशा या मंडळानं वर्षभरापूर्वी दोन शहाणपणाचे ठराव केले.

एक. घरात दोघांचे दोन फोन कशाला? दोन रिचार्ज कशाला? ह्यांचा सतरा वर्षं जुना नंबर बंद केला. माझा एकच ठेवला. सकाळी मी, दुपारी हे, असा फोन आलटून पालटून.

दोन. चौकातल्या मोठ्या दुकानात कागदी पावती नको म्हटलं की पाच पॉइंट जास्त मिळतात. पावती मेसेजवर येते. मेसेज कोण बघतो? पाच पॉइंट घ्या.

दोन्ही ठराव एकेकटे निर्दोष होते.

दुकानात हे जातात, येता येता. काउंटरवरची मुलगी विचारते, "नंबर?" आणि ह्यांच्या तोंडून सतरा वर्षांचा नंबर बाहेर पडतो. डोक्यापर्यंत जायची त्याला गरजच नसते. नंबर तर बंद केलेला. पण बंद केलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला देते, हे आम्हाला माहीत होतं का?

नाही. माहीत नव्हतं.

—

शनिवार. दुकानाच्या दारावर पाटी: जुने पॉइंट आज सहा वाजता रद्द. मशीन नऊ हजार पॉइंटांना. आमचे माझ्या हिशेबानं नऊ हजार एकशे चाळीस. आम्ही दोघं चार वाजता हजर. ह्यांनी मशीनला दोरी बांधून न्यायला दोरीही आणलेली.

मुलगी म्हणाली, "फोनवर सहा आकड्यांचा ओटीपी आलाय, सांगा."

ह्यांनी फोन तळहातावर धरला. फोन गप्प.

"रेंज नसेल," हे म्हणाले आणि दारापर्यंत जाऊन आले. हात उंच केला. लिफ्टवाल्यांना वर गेलं की सगळं सुटेल असं वाटतं.

"काका, या नंबरवर गेलाय बघा," असं म्हणून मुलीनं आकडे वाचून दाखवले.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी छताकडे.

"अहो."

"अगं, हो."

—

आम्ही आमच्याच नंबरला फोन लावला. पहिला संवाद ह्यांचा, जसा झाला तसा:

— हॅलो, कोण बोलतंय?

— फोन तुम्ही केलात. तुम्ही सांगा.

— हा नंबर आमचा आहे.

— मग मी कोण?

— तसं नाही... तुम्हाला आत्ता सहा आकडे आले ना? तेवढे सांगता का?

— आलेत. खाली लिहिलंय, कुणालाही सांगू नका.

— कुणालाही म्हणजे, आम्हाला सोडून.

— साहेब, तीस वर्षं बँकेच्या दारावर पहारा केलाय मी. 'आम्हाला सोडून' म्हणणारे पुष्कळ पाहिलेत.

मी फोन हिसकावला.

"काका, ठेवू नका. तुम्हाला कित्येक महिने कुणाच्या तरी कांद्यांचे मेसेज येतायत ना?"

पलीकडे मागे कुठेतरी पाणी पडत होतं.

"कालचा ब्रेड," मी म्हटलं. "निम्म्या किमतीत. दर मंगळवारी."

"तुम्ही का त्या!" आवाजच बदलला. "अहो, मी रोज विचार करतो, एवढा शिळा ब्रेड कुणाला पचतो?"

"भाजून खातो."

"हां. भाजून. तरीच." मग परत पहारेकरी जागा झाला. "पण थांबा. मागच्या महिन्यात एकवीस तारखेला काय घेतलंत? एकच वस्तू होती."

मी सगळं आठवून सांगू शकते. एकवीस तारखेला आम्ही काहीच घेतलं नव्हतं. तसं सांगितलं.

"घेतलंत. चॉकलेट. मोठं."

"शक्यच नाही."

"पूर्ण किमतीत," काका म्हणाले.

मी ह्यांच्याकडे वळले. पन्नाशीच्या माणसाचे कान एवढे लाल होतात हे मला माहीत नव्हतं.

"भूक लागली होती गं," हे म्हणाले.

"ऐकलं मी," फोनमधून काका म्हणाले. "आता पटलं, तुम्हीच ते. तरी आकडे फोनवर सांगणार नाही. तत्त्व ते तत्त्व. इकडे या, समोर उभ्या राहा, चेहरा बघतो, मग सांगतो. बस डेपोच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून."

चार वाजून वीस. ह्यांना फोनसकट काउंटरपाशी उभं केलं आणि मी बस पकडली.

—

डेपोच्या भिंतीमागे एवढी जमीन असेल असं रस्त्यावरून कळत नाही. रुंदी दोन बस शेजारी उभ्या राहतील एवढीच, लांबी मात्र पार टाकीपर्यंत. टोमॅटोची झाडं जुन्या सीटबेल्टच्या पट्ट्यांनी काठ्यांना बांधलेली. भोपळ्याचा वेल फुटक्या टायरातून वर येऊन भिंतीवर चढलेला. सगळं कुणीतरी टाकून दिलेल्यातून उभं केलेलं. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

काका ताठ. शर्टाची वरपर्यंत लावलेली बटणं, पायात चिखल.

त्यांनी माझा चेहरा बघितला. चांगला वेळ घेऊन बघितला.

"ठीक आहे," म्हणाले. मग म्हणाले, "एक सांगायचंय. आधी ते सांगतो, मग आकडे."

त्यांनी खाली बोट दाखवलं. वाफ्यातून एक हिरवा पाइप गेला होता. नवा, लांब, टोकाला फवारा.

"तुमच्या पॉइंटांचा आहे. साडेआठशेचा. मेसेज आला, पॉइंट वापरा. मी म्हटलं, दुकानाची चूक दिसते, आपल्याला काय. आणला. मग पुढचे मेसेज वाचत गेलो. कांदे, अंडी, कालचा ब्रेड. वाटलं, हे कुणाचं तरी जमवणं चाललंय. त्यानंतर हात लावला नाही."

नऊ हजार एकशे चाळीसातून साडेआठशे. मशीन गेलं.

मला राग आला. खोटं कशाला बोलू? आठ महिने आम्ही जे निम्म्यात खाल्लं, ते इथे भोपळ्याला पाणी घालत होतं. शिवाय पाऊण तास उरला होता.

काकांनी वाकून नळावरून पाइप ओढून काढला. पाणी त्यांच्या पायांवर पडलं. "घेऊन जा," म्हणाले आणि गुंडाळायला लागले.

"काका, तिसऱ्या मजल्यावर मी पाइपचं काय करू?"

"तरी तुमचा आहे."

"राहू द्या. झाडं बघा, माना टाकतील."

मी पिशवीतून दुकानाचं पत्रक काढलं. त्यातली चित्रं मला पाठ होती, पण पाठ असलेलं माणूस नीट वाचत नाही. मशीनच्या खाली, छोट्या चौकोनात, बुटकं पिंपासारखं काहीतरी. फक्त कपडे पिळायचं यंत्र. साडेसहा हजार पॉइंट.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? धुवायचं नाही असं म्हणाल्या नव्हत्या. पिळायचं नाही, म्हणाल्या होत्या.

काकांच्या फोनवरून ह्यांना फोन लावला.

"अहो, मोठं मशीन सोडा. ते पिळायचं यंत्र घ्या. खालच्या चौकोनातलं."

"अगं, पण मग धुणार कोण?"

"तुम्ही."

मागे काउंटरवरची मुलगी फिस्सकन हसलेली ऐकू आली.

"चॉकलेट खाल्लेला माणूस धुवू शकतो," मी म्हटलं.

"कबूल," हे म्हणाले.

मुलीनं नवे आकडे पाठवले. काकांनी रस्त्याकडे पाठ केली, फोनवर आडवा हात धरला, इकडेतिकडे बघितलं. भिंतीवर एक मांजर होतं, ते जाईपर्यंत थांबले. मग एकेक आकडा माझ्या कानात सांगितला आणि मी तो मोठ्यानं फोनमध्ये ओरडले. तत्त्व त्यांचं होतं, माझं नव्हे.

पाच वाजून बत्तीस.

"अजून सतराशे नव्वद उरतायत," हे म्हणाले. "सहाला जातील. काय घेऊ?"

"धुण्याचा साबण. धुणारा नवशिका आहे, जास्त लागेल."

काकांनी मला दोन किलो टोमॅटो, शेंगा आणि मांडीएवढा भोपळा दिला. मी नको म्हटलं नाही. फुकटमंडळाच्या घटनेत ते बसत नाही.

—

*खरेदीबद्दल धन्यवाद. तांदूळ ५ किलो, मीठ, भोपळा १. ७१ पॉइंट जमा.*

नंबर आम्ही बदलला नाही. दुकानात हे अजूनही तोच सांगतात, आता जाणूनबुजून. पॉइंट काकांचे, भाजी आमची, असं ठरलंय. पण हा मेसेज गेला आणि पाच मिनिटांत काकांचा फोन आला.

"भोपळा विकत घेतलात? विकत? इथे सात पडलेत!"

"ह्यांनी घेतला. विसरले."

"त्यांना फोन द्या."

हे न्हाणीघरात होते. पिळायचं यंत्र फिरायला लागलं की जागा सोडून दाराकडे चालायला लागतं, म्हणून ते त्यावर बसतात, आणि बसले की यंत्र थांबेपर्यंत थरथरत असतात. थरथरत्या आवाजात त्यांनी काकांची माफी मागितली. बाहेर काढलेली चादर हाताला जवळजवळ कोरडी लागते. एक थेंबही मी पिळलेला नाही, उघड नाही की चोरून नाही.

सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी तीच जागा दाबली. मी गप्प. त्यांनी अजून जोरानं दाबलं, जरा नाराज झाल्यासारख्या.

"पट्टा नको," म्हणाल्या.

सोमवारी मालकीणबाईंनी चारशे पानी रजिस्टरांचा पहिला गठ्ठा माझ्याच टेबलावर आणून आदळला. धूळ उडाली. "शुक्रवारपर्यंत हवेत," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघताच पुढच्या टेबलाकडे गेल्या.

मी दोरा ओवला, पहिली घडी उघडली, आणि डाव्या हातानं खेचला.