परक्या माशाचे काटे

माझ्या घाटावर कोणाची होडी लागावी आणि कोणाची लागू नये, हे ठरवण्याचा अधिकार आमच्या घराण्यात बायकांकडे आहे. माझ्या आजीने तो माझ्या आईला दिला, आईने मला. म्हणून नदीवरचा बर्फ फुटून वाहून गेल्यावर माझा भाचा लॉइड विचारायला आला, तेव्हा मी त्याला लगेच आत घेतले नाही. मागणाऱ्याने दारात थोडे उभे राहावे. आपण काय मागतो आहोत याचे वजन मग त्याचे त्यालाच कळते.

लॉइड माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. दक्षिणेकडून येणाऱ्या पाहुण्यांना तो सोन्यासाठी आलेल्यांनी वसवलेले सोन्याचे गाव दाखवतो: जुने नाचघर, फळ्यांचे फुटपाथ, परातीत वाळू धुऊन सोन्याचे कण शोधण्याची गंमत. मग त्यांना होडीत घालून खाली अभयारण्यात नेतो. माझा घाट त्या वाटेवर आहे.

“मावशी, लोक विचारतात गं,” तो दारातून म्हणाला. “सोनंवाले यायच्या आधी इथं कोण होतं म्हणून. तुझ्याकडं थोडा वेळ थांबलो, तर तुलाच सांगता येईल.”

“आणि मी काय करायचं? नाचायचं?”

“मासा कापून दाखवायचा. बस.”

“कुठला मासा, लॉइड?”

तो टोपी हातात फिरवत राहिला. समुद्रातून निघून अख्खी नदी प्रवाहाविरुद्ध चढून येणारा मोठा सामन आता इतका थोडा येतो, की आमच्या लोकांनी आपणहून जाळी टाकणे थांबवले आहे. मासे धुरावर वाळवायचा माझा मांडव कित्येक उन्हाळे रिकामा उभा होता. सोन्याच्या लोकांनी आमची पहिली जागा घेतली तेव्हा माझ्या आजीने या मांडवाचे खांब आणि वासे पाठीवर वाहून इथे आणले होते. वरचे वासे माशांच्या तेलाने काळे आणि गुळगुळीत झाले आहेत.

“रिकामा मांडव दाखवीन,” मी म्हणाले. “तो रिकामा का, तेही सांगीन. खोटं काही होणार नाही. कबूल?”

“कबूल, मावशी.”

मी होकार दिला तो लॉइडकडे पाहून नव्हे, मार्लेनाकडे पाहून. मार्लेना माझ्या वारलेल्या मुलाची मुलगी. आईबरोबर दक्षिणेत वाढली, मोठी होऊन आपल्या पायांनी परत आली आणि लॉइडच्या होडीवर कामाला लागली. आल्यापासून तिचे एकच म्हणणे होते: आजी, मला कापायला शिकव. माझे एकच उत्तर होते: मासा आला की. मासा येण्याआधी मी गेले तर काय, हे तिने विचारले नाही आणि मी तिला विचारू दिले नाही. मासा कापायला नुसते डोळ्यांनी पाहून शिकता येत नाही. हात धरून शिकवावे लागते, आणि ते हात धरणारी आता मी एकटीच उरले होते.

पहिली होडी लागली त्या दिवशी मी आईची मण्यांची कंठी घातली होती. मांडवाखाली उभी राहून मी त्या पाहुण्यांना नदीची हकिगत सांगितली. त्यांनी आदराने ऐकून घेतले. एका बाईने विचारले, इथे अस्वल येते का? येते, मी म्हणाले, पण तेही आता उपाशीच जाते. ती हसली. हसण्यासारखे मी काही बोलले नव्हते.

तेवढ्यात लॉइडने होडीतून बादली आणून माझ्या कापायच्या फळीवर मासा ठेवला. सामनच होता. दूरच्या समुद्रात पिंजऱ्यात वाढवलेला, बर्फात गोठवलेला, दुकानातून आणून वितळवलेला.

“हे काय आहे?” मी आमच्या भाषेत विचारले.

“मावशी, फक्त आज. रिकाम्या वाशांचे फोटो कोण काढणार?”

“उचल तो.”

“आजी.” मार्लेना माझ्या कानाशी आली. “नंतर राग काढ त्याच्यावर, मी धरून ठेवते त्याला. पण तुझे हात हल्ली थरथरायला लागलेत. मला शिकवणार कशावर तू? हवेवर?”

माझ्या वयाच्या बाईला असे बोलायची हिंमत फक्त नातवंडे करतात, आणि खरे बोललेले असले की त्यांना गप्प बसवता येत नाही.

मी सुरी घेतली आणि तिच्या हातात दिली. तिच्या मुठीवर माझी मूठ ठेवली. डोके काढले. कण्याच्या दोन्ही अंगांनी सुरी नेली आणि शेपटीपाशी दोन्ही फाका जोडलेल्याच ठेवल्या, म्हणजे मासा वाशावर पाय सोडून बसल्यासारखा लटकतो. मग मांसावर आडवे काप. खोल, पण कातडीला धक्का न लावता. कातडी फाटली की फाक धुरीत गळून पडते. त्या माशाचे मांस सैल होते. आयुष्यात एकदाही प्रवाहाशी झगडलेला नव्हता तो. तरी मार्लेनाच्या सुरीने कातडी फाडली नाही. मी तिच्या मुठीवरून हात कधी काढून घेतला, हे तिला कळलेही नाही.

मग तिने ते केले, जे आमच्याच घरातली मुलगी करील. कणा आणि काटे ओंजळीत घेऊन ती पाण्याकडे निघाली. माशाचे काटे नदीला परत द्यायचे, आभाराचे शब्द म्हणायचे, म्हणजे त्याचे भाऊबंद पुन्हा वाट ओळखतात. एवढे मी तिला नुसत्या शब्दांनी शिकवले होते आणि ते तिने नीट जपले होते.

“थांब!” मी ओरडले. “तो या नदीचा नाही. कोणाला बोलावते आहेस तू?”

ती गुडघाभर पाण्यात थिजली. मी तिच्या हातून काटे घेतले, लॉइडच्या दोन्ही हातांत ठेवले आणि या वेळी सगळ्यांना समजेल अशा भाषेत म्हणाले, “जिथून विकत घेतलास तिथं नेऊन दे. माझ्या नदीला भीक घालू नकोस.”

मग पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

लॉइड पुढच्या फेरीलाही बादली घेऊन आला. मार्लेनाच्या हाताला सराव हवा म्हणून मी होडी परतवली नाही, पण बाहेरही पडले नाही. मार्लेना कापायला उभी राहिली आणि मी खोपीच्या खिडकीतून पाहत राहिले. तिने मासा निर्दोष कापला. त्यानंतर काटे उचलले, मान माझ्यासारखी ताठ केली, आवाज माझ्यासारखा जड केला आणि लॉइडच्या हातांत काटे देत म्हणाली, “जिथून विकत घेतलास तिथं नेऊन दे.” लॉइडने खाली मान घातली. टाळ्या पडल्या. त्यानंतर प्रत्येक फेरीला तेच झाले.

एका दिवशी होडी निघण्यापूर्वी मी तिला आत बोलावले.

“कापत राहा,” मी म्हणाले. “हात तयार झाला आहे, तो मोडू नकोस. पण ते शब्द माझे आहेत. त्यांच्यापुढं म्हणू नकोस.”

“आजी, त्यासाठीच तर येतात गं ते. मी कापते तेव्हा फोन चाळत असतात. तू लॉइडकाकाला झापतेस तो भाग आला की सगळे पुढं सरकतात.”

“मी झापत नाही. तू झापतेस.”

“तेच ते.”

“आणि काटे कुठं जातात?”

तिने नजर वळवली. “गावातल्या कचऱ्यात.”

त्याच आठवड्यात पाऊस आणि गारठा सुरू झाला. एका दुपारी मी मांडवाचे वासे एकेक करून खाली ओढले, करवतीने कापले आणि चुलीत घातले. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे लाकूड, पण तीन पिढ्यांचे तेल प्यायलेले. ते पेटायला काही लागले नाही. खोपीत खऱ्या सामनाचा वास भरला. माझ्या लग्नाच्या उन्हाळ्याचा वास, आईच्या केसांचा वास.

संध्याकाळी मार्लेना आपल्या छोट्या होडीतून आली. तिने आधी उघडा मांडव पाहिला असणार, कारण दार तिने ढकलूनच उघडले.

“आजी! काय केलंस हे? उद्या होडी यायचीय!”

“येऊ दे.”

“आजीच्या आजीचे वासे गं ते!”

“म्हणूनच. त्यांच्यावर दुकानातला मासा टांगायचा नाही. खरा आला की रानात जा आणि नवे तोड. कापायचं तुला येतंच.”

ती आणखी बोलणार होती, पण मध्येच थांबली. नाकपुड्या फुलल्या. हा वास तिने जन्मात कधी घेतला नव्हता. तिला तो कोणीतरी सांगावा लागेल असे मला वाटले होते. सांगावा लागला नाही. ती उंबऱ्यावर उभी राहून रडू लागली.

“दार लाव,” मी म्हणाले. “वास बाहेर जातो आहे.”

तिने दार लावले आणि शेवटचा वासा जळेपर्यंत ती माझ्याजवळ बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी गेली.

लॉइडने तोवर माझ्या घाटापासून थोडे खाली, अभयारण्याच्या हद्दीत, जिथे माझा अधिकार चालत नाही, गावातून आणलेल्या फळ्यांचा नवा मांडव उभा केला होता. फळ्यांना त्याने काळा रंग दिला आहे. पाहुण्यांना तो फार जुना वाटतो, असे मार्लेना सांगते.