गिटारीचं कव्हर

मृणालीने लग्नाच्या वेळी गिटार माहेरीच ठेवली होती. पूर्णगडच्या सासरी ती कुणाला ऐकवायची, असं तिला वाटलं होतं. पण नवरा सुजय बोटीवर रुजू व्हायच्या आधी स्वतः जाऊन ती घेऊन आला. पुढे दोन हजार एक सालच्या जुलैत तिला रत्नागिरीच्या एका शाळेत संगीत शिकवायची नोकरी लागली, आणि गिटार रोज एस.टी.तून न्यावी लागणार हे ठरलं.

पहिल्या दिवशी तिने ती चादरीत गुंडाळून नेली. पावस गावच्या वळणावर कुणाची तरी मासळीची पाटी गिटारीवर कलंडली आणि वरची एक खुंटी वाकली. संध्याकाळी ती ओटीवर बसून पक्कडीने खुंटी सरळ करत होती. सासरे आत्माराम झोपाळ्यावरून बघत होते. तीस वर्षं मालवाहू बोटींवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून काढलेला हा माणूस घरात मोजकंच बोलायचा. ते उठले, सुतळी घेऊन आले आणि गिटारीची लांबी, पोटाची रुंदी, जाडी मोजून सुतळीला गाठी मारल्या.

"उद्या शनिवार. शाळा सुटली की कव्हर घेऊ. मी येतो," ते म्हणाले. "गिटार घरीच राहू दे. अजून एक धक्का नको तिला."

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या रामआळीतल्या वाद्यांच्या दुकानात पेट्या आणि तबल्यांच्या गर्दीतून हरिश्चंद्र दुकानदाराने तीन कव्हरं काढली. पहिलं नुसतं धुळीपुरतं. दुसरं काळं, चकचकीत, लाल काठाचं. तिसरं शेवाळी रंगाच्या जाड कापडाचं, टपालाच्या पिशवीसारखं.

"हे काळं छान दिसतंय," मृणाली म्हणाली.

"दिसतंय खरं." आत्मारामांनी त्याची चेन दोनदा ओढून पाहिली. "पण चेन लोखंडी. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात चार महिन्यांत गंजून बसेल. मग गिटार आत आणि तू बाहेर." मग त्यांनी शेवाळी कव्हरात कोपरापर्यंत हात घालून आतला फोम चिमटीत धरून पाहिला, पट्ट्यांची शिवण अंगठ्याने ताणली. "पण तुझी वस्तू गो. तू निवड. मी नुसती शिवण बघतो."

हरिश्चंद्रने दुकानातली एक गिटार शेवाळी कव्हरात घालून दिली. मृणालीने पट्टे दोन्ही खांद्यांवर घेतले आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून परत चढली. हात मोकळे राहत होते, एस.टी.त दांडा धरता आला असता. "हेच," ती म्हणाली.

आत्मारामांनी सुतळी लावली. लांबी बरोबर होती, पोटाशी मात्र तीन बोटं सैल.

"आत हलेल," हरिश्चंद्र म्हणाला. "मापाचं मागवून देतो, पण पंधरा दिवस लागतील. बघा, आता घेऊच नका असंही सांगेन मी."

"हलेल ते घरी बघू," आत्माराम म्हणाले.

घरी सासूबाई सावित्रींनी कव्हर उलटंपालटं करून पाहिलं आणि काही न विचारता जुनं मऊ लुगडं फाडायला घेतलं. घड्या घालून त्यांनी पोटाच्या दोन्ही बाजूंना गाद्या टाचल्या. मग म्हणाल्या, "मान कुठे टेकते ते दाखव." तिथेही एक पट्टी बसली.

मृणाली शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होती. तिला राहवलं नाही. "आई, मला वाटायचं, माझ्या वाजवण्याचा तुम्हाला त्रास होत असेल."

"त्रास कसला? तू वाजवायला बसलीस की मी विळी बाजूला ठेवते. मासळी कापताना ती करकरते ना."

"म्हणून तर जेवायला उशीर होतो," झोपाळ्यावरून आत्माराम म्हणाले.

मृणाली हसली, आणि हसता हसता तिला दोरा दिसेनासा झाला. गेले सहा महिने ती दार लोटून, आवाज दाबून वाजवत होती.

सोमवारी एस.टी. खचाखच भरलेली होती. भाट्याच्या पुलापर्यंत ती दांडा धरून उभी राहिली. पाठीवर कुणाकुणाचे कोपर लागले. वर्गात जाऊन तिने कव्हर उघडलं तेव्हा गिटार जशी ठेवली तशी होती. एक तार तेवढी किंचित उतरली होती.

मधल्या सुट्टीत तिने सुजयला पत्र लिहायला घेतलं. कव्हराबद्दल सगळं लिहिलं, आणि खाली लिहिलं: 'आईबाबांचे आभार कसे मानायचे ते तूच सांग. आई ऐकून घेतात, पण मी नुसतं "बाबा, तुम्ही" म्हटलं की बाबा उठून माडांना पाणी लावायला जातात. तेही भर पावसात.'