एकशे त्र्याण्णवावं पान

"हे पुस्तक तुमच्याच छापखान्यातलं ना?"

मास्तरांनी मान वर केली नाही. "मागे पत्ता असेल, बघा," ते म्हणाले.

"तो बघूनच आलेय."

आता मात्र त्यांना लाल पेन्सिल खाली ठेवावी लागली. दारात चाळिशीची एक बाई उभी होती. शिवणकाम अर्धवट टाकून आलेली असावी, कारण गळ्यातली मोजपट्टी काढायची राहून गेली होती. "आत या, बसा," मास्तर म्हणाले. ती आत आली, पण बसली नाही.

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यावर माणसाला असं नाव आपोआप चिकटतं. मुद्रितं, म्हणजे छपाईआधीचे कच्चे कागद, तपासणं हे त्यांचं काम. बायकोने सामानाची यादी हातात दिली तरी ते आधी तिच्यातलं शुद्धलेखन सुधारत आणि मग पिशवी शोधत. पिशवी नेहमी त्यांच्या खांद्यावरच असे.

बाईने पुस्तक टेबलावर ठेवलं. तळहातात मावेल एवढं, 'रानात वाट चुकली तर'. त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं मास्तरांच्या समोर पसरलेली होती. बाईची प्रत ओली होऊन वाळलेली, फुगलेली होती. कुणी हात न लावता ती सावकाश उघडली आणि शेवटी, पुठ्ठ्याच्या आतल्या कोऱ्या कागदावर येऊन थांबली.

या धंद्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पुस्तक जिथे सर्वांत जास्त वेळा उघडलं गेलं असेल तिथेच ते पुन्हा उघडतं. पण तिथे तर छापलेलं काहीच नव्हतं.

"माझा धाकटा भाऊ," बाई म्हणाली. "विजेच्या तारा तपासायला रानात जायचा. हे खिशात असायचं. मागच्या वर्षी धुक्यात बरोबरच्यांची आणि त्याची चुकामूक झाली. तुमच्या पहिल्या पानावर सूर्यावरून दिशा कशी ओळखायची ते दिलंय ना, ते बघून दोन दिवस चालला बिचारा. दिशा बरोबर ओळखली हो त्याने. पण रस्ता त्या दिशेला नव्हताच."

"मग?"

"जिथे हरवला तिथे शोधणारी माणसं दुसऱ्याच दिवशी पोचली होती. हा पुढे निघून गेलेला. अकराव्या दिवशी सापडला, झाडाला पाठ टेकून बसलेला. डॉक्टर म्हणाले, एक दिवस उशीर झाला. एकच." तिने मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळलं. "दुसरी आवृत्ती निघतेय असं कळलं. त्याने मागे काही लिहिलंय. कुणाच्या उपयोगी पडलं तर बघा."

मास्तरांनी चष्मा वर सारून कागद डोळ्यांजवळ नेला. पेन्सिलीचं अक्षर थंडीने बोटं आखडलेल्या माणसाचं होतं.

'तिसरा दिवस. पुस्तकात नाही ते ऐकू येतंय. माणसाचा आवाज. काहीतरी वाचून दाखवतोय. वाट चुकली हे कळताच बसा पूर्णविराम झाडाला पाठ टेका स्वल्पविराम बूट काढू नका पूर्णविराम आपलं नाव मोठ्याने तीनदा म्हणा पूर्णविराम आवाज स्थिर होईपर्यंत उठू नका पूर्णविराम. हा असा का बोलतो? पण बरं वाटलं. बसलो.'

त्याच्या खाली अक्षर आणखी बारीक झालं होतं.

'पाचवा दिवस. तो पुन्हा आला. तेच वाचतो. मध्येच घसा खाकरतो. मी जागा सोडलेली नाही.'

"पोलीस म्हणाले, भास झाला असेल," बाई म्हणाली. "मी म्हटलं, असेल. पण मास्तर, भासात कुणी पूर्णविराम म्हणतं का हो?"

मास्तरांनी पुस्तक हळूच खाली ठेवलं. भर दुपार होती, पंखा फिरत होता, पलीकडे मशीन जेवणाच्या सुट्टीपुरतं बंद होतं. तरी त्यांना वाटलं, खोलीत आणखी कुणीतरी कान देऊन उभं आहे.

पूर्वी छापखान्यात दोघं बसत. एकाने मूळ लिखाण मोठ्याने वाचायचं, स्वल्पविराम आला की 'स्वल्पविराम' म्हणायचं, वाक्य संपलं की 'पूर्णविराम' म्हणायचं, आणि दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवून ताडून बघायचं. जोडीदार निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. मास्तर एकटेच मोठ्याने वाचत राहिले. मालक हसून म्हणत, "मास्तर, भिंतींचं शुद्धलेखन सुधारलं आता!"

सहा वर्षांपूर्वी याच खुर्चीत बसून त्यांनी हेच शब्द असलेलं पान वाचलं होतं. एकदाच. लेखक जुना वनरक्षक होता, तेव्हा शेवटच्या आजारात पडलेला. पुस्तक छापून आलेलं त्याने पाहिलंच नाही. हस्तलिखित पुढे रद्दीत गेलं. ते पान जगात दोघांनाच ठाऊक होतं आणि त्यातला एक गेला होता.

तेवढ्यात मालक आत डोकावले. "मास्तर, झालं का? उद्या मशीनवर चढवायचंय."

"एक पान वाढतंय," मास्तर म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"वाढवायचं तर एक काढा! एका कागदावर सोळा पानांचा फॉर्म, असे बारा फॉर्म, एकशे ब्याण्णव पानं. तुम्हाला मी काय सांगायचं? मागच्या खेपेलाही एक जास्त होत होतं, तुम्हीच नाही का काढलंत?" एवढं बोलून ते ज्या पावली आले त्या पावली गेले.

बाई मास्तरांकडे बघत राहिली. "कुठलं पान काढलंत?"

खोटं बोलणं सोपं होतं. विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. मास्तरांनी त्या पेन्सिलीच्या ओळींवर बोट ठेवलं.

"हेच. शब्दन् शब्द हेच. पहिलं पान होतं हे."

बोटाला गुंडाळलेली मोजपट्टी तिने सोडली.

"आकृती नव्हती त्यात, तक्ता नव्हता," मास्तर म्हणाले. "पाणी कसं गाळायचं, गाठ कशी मारायची, विस्तव कसा पेटवायचा, ते सगळं कामाचं वाटलं. वाट चुकल्यावर बसा, हे काय पुस्तकात सांगायचं, असं वाटलं मला. मी कधी रानात गेलो नाही, ताई. माणूस घाबरला की आधी त्याचे पाय सुटतात, हे मला ठाऊक नव्हतं. त्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने ते सगळ्यांत आधी घातलं होतं."

एवढ्यावर थांबता आलं असतं. अर्धं सांगितलं होतं आणि ते अर्धं खरंही होतं. पण चौतीस वर्षांची खोड, अर्धवट तपासलेलं मुद्रित त्यांच्याने पुढे सरकवलं जात नसे.

"आणि दुसरंही पान काढता आलं असतं."

त्यांनी मुद्रितांतून ते ओढून पुढे केलं. आभाराचं पान. लेखकाने आजारपणात लिहून पाठवलेल्या चार ओळी, आणि चौथ्या ओळीत मास्तरांचं नाव. शेकडो पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली होती, पण नाव छापलं गेलं ते या एकाच पुस्तकात. घरच्या प्रतीत बायकोने त्या पानात बसचं तिकीट घालून ठेवलं होतं. आल्या-गेल्याला ती दाखवी, "हे बघा, यांचं नाव!" ती प्रतही आता आपोआप त्याच पानावर उघडे.

बाईने ते नाव ओठ हलवत वाचलं.

"छान छापलंय," ती म्हणाली.

मास्तरांना वाटलं, हिने दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी लाल पेन्सिल उचलली आणि ते पान वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत खोडलं. पण आत फार दुखलं, आणि याही वेळी दुखावं याची त्यांना लाज वाटली.

"याच्या जागी तुमच्या भावाने लिहिलेलं जाईल. सगळ्यांत आधी, मोठ्या टायपात. अंधूक उजेडात, घाबरलेल्या माणसाला वाचता येईल असं."

"वाचा," बाई म्हणाली.

"काय?"

"तेव्हा वाचलं होतंत तसं वाचा. मला ऐकायचंय."

मास्तरांनी कोऱ्या कागदावरचं ते अक्षर समोर धरलं. "वाट चुकली हे कळताच बसा पूर्णविराम." मध्येच त्यांनी घसा खाकरला. तो आवाज ऐकताच बाईने डोळे मिटले. इतका वेळ उभी असलेली ती आता मागची खुर्ची चाचपत बसली आणि तिने पाठ टेकली. "झाडाला पाठ टेका स्वल्पविराम बूट काढू नका पूर्णविराम. आपलं नाव मोठ्याने तीनदा म्हणा पूर्णविराम."

इथे ते क्षणभर थांबले. तेवढ्या वेळात बाईने एक नाव घेतलं. मोठ्याने, तीनदा. तिचं नव्हतं ते आणि मास्तरांचंही नव्हतं. पंखा फिरत होता, तरी टेबलावरचे सगळे कागद जागच्या जागी निश्चल राहिले. दोघांनीही ते पाहिलं.

"आवाज स्थिर होईपर्यंत उठू नका पूर्णविराम," मास्तरांनी पुरं केलं.

बाई उठली. "तो चालत सुटला तो तुमच्यामुळे," ती म्हणाली, "आणि बसला तोही तुमच्यामुळेच. मी कशाचं काय करू?" तिने पुस्तक उचललं, पदराने पुसलं आणि ती निघून गेली.

दुसरी आवृत्ती आली तशी मास्तरांनी एक प्रत घरी नेली. बायकोने सवयीने आभाराचं पान शोधलं. सापडलं नाही तेव्हा म्हणाली, "अहो, तुमचं नाव राहिलं की यात!"

"राहिलं नाही, काढलं," मास्तर म्हणाले. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिने जुन्या प्रतीतलं बसचं तिकीट काढलं आणि नव्या प्रतीच्या पहिल्या पानात ठेवलं.

अजूनही छापखान्यात दुपारी मशीन थांबलं की मास्तरांचा आवाज येतो. समोर मुद्रित नसतं, ताडून बघणारंही कुणी नसतं. खिडकी उघडी टाकून, बाहेर तोंड करून ते एवढं एकच पान वाचतात, सगळ्या विरामचिन्हांसकट, घसा खाकरत. ऐकणाऱ्याला पेन्सिल काढायला वेळ मिळावा इतक्या सावकाश.